फुंकर मंडळींचा लाल आठवडा

१२ नोव्हेंबर

डॉक्टर ऋता यांनी आज मला एक प्लास्टिकची नळी दिली आणि सांगितलं, रोज सकाळी यात जोरात फुंकायचं. मी म्हटलं, बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये आयुष्यभर मी व्यवस्थापनाच्या कानात फुंकत आले, नळी कशाला? त्या हसल्या नाहीत. छातीच्या डॉक्टरांना विनोदाचं वावडं असतं, कारण त्यांचे पेशंट हसले की खोकतात.

फुंकलं की नळीवरचा काटा सरकतो. जिथे थांबेल तो आकडा मोबाईलमधल्या ‘फुंकर’ नावाच्या ॲपमध्ये टाकायचा. मग ॲप ठरवतं की आज मी हिरवी, पिवळी की लाल. हिरवी म्हणजे बरी. पिवळी म्हणजे औषधाकडे लक्ष द्या. लाल म्हणजे दवाखान्यातून मानसी नर्स फोन करते आणि गरज वाटली तर घरी येते. शिवाय हवेला कसला वास होता, धूळ होती का, हेही भरायचं. घाटकोपर पूर्वेतले पन्नासेक दमेकरी असं रोज भरतात आणि त्यावरून एका नकाशावर ठिपके उमटतात, म्हणजे हवा कुठे बिघडते ते कळतं.

मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की माझा श्वास ही माझी खाजगी मालमत्ता आहे. तो कुठल्या कंपनीच्या कपाटात जाऊन बसणार हे कळल्याशिवाय मी फुंकणार नाही. इतिहासात माणसांची मोजदाद त्यांच्या भल्यासाठी फार कमी वेळा झाली आहे, हेही उदाहरणांसह सांगितलं. बाहेर रांग वाढली होती. त्या म्हणाल्या, मग पेशंटांच्या समितीत या, ॲपमध्ये काय विचारायचं आणि माहिती कोणाला द्यायची ते पेशंटच ठरवतात.

‘समितीत या’ या दोन शब्दांपुढे मी आजवर टिकलेली नाही. मी समितीत आहे. पहिल्याच दिवशी अध्यक्षही झाले, कारण दुसरं कोणी उभं राहण्याआधी मी बोलायला सुरुवात केली.

१६ नोव्हेंबर

रोज फुंकते. रोज पिवळी. हे ॲप व्यवस्थापनाच्या बाजूचं असावं.

खिडकीवरून पुन्हा भांडण. चंद्रप्रकाश पोस्टातून निवृत्त झाला. चौतीस वर्षांच्या संसारात तो जितकं बोलला असेल तितकं मी एका गेटसभेत बोलते. पहाटे मी बेडरूमची खिडकी उघडते, तो उठून लावतो. मी पुन्हा उघडते, तो पुन्हा लावतो. समोर दादूची बेकरी आहे. पहाटे भट्टी पेटली की पहिल्या लाद्यांचा वास आमच्या पाचव्या मजल्यापर्यंत चढतो. या नव्या टॉवरमध्ये शेजाऱ्याची आमटी करपली तरी पत्ता लागत नाही. निदान त्या वासाने आपण माणसांच्या वस्तीत राहतो असं वाटतं. मी चंद्रप्रकाशला म्हटलं, मोकळ्या हवेला घाबरणारा माणूस मोकळ्या विचारांनाही घाबरतो. तो ‘हं’ म्हणाला आणि खिडकी लावली.

दादू परब मूळचा मालवणकडचा. तरुणपणापासून भट्टीपुढे उभा आहे. आमच्या एकाही धरण्याला त्याचा पाव चुकलेला नाही. यंदा उन्हाळ्यात आम्ही टॉवरमध्ये आलो आणि शेजारची आमची जुनी बिल्डिंग पाडायला घेतली, तेव्हा लोक सामान भंगारवाल्याला देत होते. मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, आपले दिवाण, आपली प्लायवुडची कपाटं, रंगवलेली दारं कामगाराच्या भट्टीत जाऊ द्या, निदान पाव होऊन आपल्याकडे परत येतील. टाळ्या पडल्या होत्या. मलाही ते वाक्य फार आवडलं होतं.

२४ नोव्हेंबर

समितीची बैठक. ॲपमध्ये प्रश्न होता, ‘आपल्या परिसरातील वायुगुणवत्तेविषयी आपले आकलन नोंदवा.’ मी विचारलं, हे वाक्य लिहिणाऱ्याला कधी दम लागला आहे का? नसेल तर मोठ्याने वाचून बघा, लागेल. बदलून घेतलं: ‘आज वास कसला आला?’ नकाशावर नाव दिसणार नाही, फक्त गल्ली दिसेल, हे ठरलं. औषध कंपन्यांना काही द्यायचं नाही, हेही. ज्यांना टाईप करता येत नाही त्यांनी बोलून नोंद करायची. डॉक्टर ऋतांनी सगळं मान्य केलं. मला जरा वाईटच वाटलं. मी भांडणाची तयारी करून गेले होते.

मग वासांची यादी. धूळ, धूर, गटार, फटाके, रंग, अगरबत्ती. खंडू रिक्षावाला म्हणाला, शेजारणीचे सुके बोंबील घाला. ते घातले नाहीत, पण त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. शेवटी कुंदा म्हणाली, “पावाचा वास घाला.”

कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. बेकरीच्या मागच्या जुन्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तिची फुप्फुसं माझ्यापेक्षा वाईट आहेत. लांब वाक्य तिच्या श्वासात मावत नाही, म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी बोलते आणि प्रत्येक तुकडा टोचतो. सगळे हसले. मी अध्यक्ष म्हणून निर्णय दिला की प्रदूषणाच्या यादीत पाव घातला तर उद्या कोणी मोगराही घालेल. ती आणखी काही सांगणार होती, पण तिला धाप लागली आणि बैठकीची वेळही संपत आली होती. मुद्दा खोडला.

५ डिसेंबर

आज नवीनच ऐकलं. माझ्या पंपात औषध बाहेर ढकलायला जो वायू भरलेला असतो तो हवेत जाऊन पृथ्वी तापवतो. म्हणजे जगातल्या तेलवाल्यांनी, कोळसावाल्यांनी, खाजगी विमानवाल्यांनी मिळून जे केलं त्यात घाटकोपरच्या रत्नप्रभा शिरसाट यांचा दमाही सहआरोपी. मी विचारलं, आता श्वास घेतल्याबद्दल माफीपत्र लिहू का? डॉक्टर म्हणाल्या, माफी नको, तुमची श्वास आत घ्यायची ओढ चांगली असेल तर पावडरवाला पंप घ्या, त्यात तो वायू नसतो. माझी ओढ तपासली. उत्तम आहे. वक्त्याचे फायदे. कुंदाला तेवढं ओढता येत नाही, ती जुन्याच पंपावर राहील, आणि कोणीही आपल्या मनाने पंप बदलायचा नाही असं सर्वांना बजावण्यात आलं. रिकामे पंप दवाखान्यात परत द्यायचे; ॲप आठवण करतं. मी आजच सात रिकामे नेऊन दिले. माझ्या पर्समध्ये ते कधी जमले देव जाणे, आणि मी देव मानत नाही.

१३ डिसेंबर

शत्रू सापडला.

नाल्यापलीकडे सिमेंट-काँक्रीट कालवण्याचा प्लांट आहे. दिवसभर तिथून ते पोट फिरवणारे ट्रक बाहेर पडतात आणि धूळ थेट आपल्याकडे. वॉर्ड ऑफिसात फेब्रुवारीत त्याच्या परवान्यावर सुनावणी आहे. रहिवाशांचे पुरावे मागवले आहेत. आणि आपल्या हातात काय आहे? पन्नास जणांची फुंकर.

शत्रू असाच असावा. मोठा, करडा, आवाज करणारा. बघितल्यावर मुठी आपोआप वळतात. आजची फुंकर पिवळी. प्लांटमुळेच. सकाळी प्लांट बंद असतो हे चंद्रप्रकाशने उगाचच सांगितलं. एरवी आठवडा आठवडा बोलत नाही.

१९ डिसेंबर

आजचं भाषण झकास झालं. असं बऱ्याच वर्षांत जमलं नव्हतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये फुंकर मंडळी जमली. दादूने पाव पाठवले, चहा आमचा. डॉक्टर आणि मानसी यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं; ही पेशंटांची आपसातली गोष्ट. मी म्हटलं, एकटा खोकला हा आजार असतो, पन्नास खोकले मिळून ती घोषणा होते. टाळ्या. मग म्हटलं, आपला नकाशा हिरवा-पिवळा-लाल असा गोधडीसारखा दिसतो. असला नकाशा घेऊन सुनावणीला गेलो तर साहेब म्हणेल, यांचं यांनाच ठरत नाही. संप असा करतात का? उद्यापासून आठवडाभर आपण सगळे लाल. वास एकच: धूळ.

एका काकांनी विचारलं, माझी हिरवी आली तर? मी म्हटलं, संपाच्या दिवशी कोणी विचारतं का, आज मला बरं वाटतंय, कामावर जाऊ का? सगळे हसले. काकाही हसले.

कुंदाने हात वर केला. “आणि खरंच. लाल झाली तर?”

मी म्हटलं, “मग तर उत्तमच. तुला खोटं बोलावं लागणार नाही.”

या वाक्यालाही टाळ्या पडल्या.

२१ डिसेंबर

नकाशा बघून डोळे निवले. नाल्यापासून हायवेपर्यंत लाल. एकही फितूर नाही. एक लाल ठिपका देवरुखला उमटला आहे. खंडू मेहुण्याच्या लग्नाला गेला आहे आणि तिथून त्याने घाटकोपरच्या धुळीचा निषेध केला. शिस्त म्हणतात ती हीच.

मानसीचा फोन आला. काळजीत होती, सकाळपासून ती एकेका लालवाल्याला फोन करते आहे. मी तिला विश्वासात घेऊन सांगितलं की ते आंदोलनाचं आहे, तू दमू नकोस. ती काही बोलली नाही. पाठिंबा असावा.

२४ डिसेंबर

कुंदा हॉस्पिटलमध्ये. आयसीयूत.

सकाळी तिने नोंद केली होती. लाल. आणि खाली बोलून ठेवलं होतं: “मानसी. आज खरी आहे.” ते दुसऱ्या एकोणपन्नास लालांच्या खाली पडून राहिलं. मानसीने दुपारी जेवताना ऐकलं आणि ताट तसंच टाकून धावली. खंडू कालच गावाहून परतला होता, त्याच्या रिक्षातून नेलं.

रात्र झाली. लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

२६ डिसेंबर

कुंदा शुद्धीवर आहे. भेटू देत नाहीत.

डॉक्टर ऋतांनी बोलावलं होतं. मी वाटेत उत्तर तयार केलं. हेतू, परिस्थिती, लढ्यातल्या अपरिहार्य चुका, तीन मुद्दे. त्यांनी ओरडायला हवं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे पन्नास माणसांचे आवाज होते. तुम्ही त्यांचा एक केलात. त्या एकात कुंदाताई ऐकू आल्या नाहीत.”

तीनही मुद्दे विसरले.

दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टला ‘फुंकर’ बंद करायचं आहे. खोटी माहिती भरणारे पेशंट घेऊन कोण बसणार? डॉक्टरांनी महिनाभराची मुदत मागून घेतली आहे. महिन्यात खऱ्या नोंदी आल्या नाहीत तर नळ्या परत. मग कुंदासारखीने लाल झाल्यावर कोणाला सांगायचं? भिंतीला?

मी आयुष्यभर एकजूट शिकवली. एकजुटीत चूक काय, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण चूक झाली आहे आणि ती आयसीयूत झोपली आहे.

२८ डिसेंबर

कुंदाला भेटले. तोंडावर मास्क. मी माफी मागायला सुरुवात केली. माफीची प्रस्तावना चालू असतानाच तिने हात वर केला.

“रत्ना. तू नको बोलूस. मी बोलते.”

तिने मास्क बाजूला केला. “पावाचा वास. सांगत होते तुला. भट्टी पेटली. की माझी छाती. बंद होते.”

बिचारी. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की माणूस असंबद्ध बोलतो असं मी वाचलं आहे. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, बरी हो, दादूकडून गरम लादी घेऊन येते तुझ्यासाठी. तिने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. दमली असणार.

७ जानेवारी

दारोदार फिरते आहे. हजार माणसांना एक घोषणा द्यायला लावणं सोपं. एका माणसाला ‘तुझं तू खरं सांग’ म्हणणं, देवा रे. देव नाही, पण रे म्हणायला कोणीतरी लागतं.

त्या हिरव्या काकांकडे गेले. म्हटलं, काका, आता जो रंग येईल तोच टाकायचा. ते म्हणाले, हो हो, पण कुठला टाकू ते सांगून ठेवा. मी म्हटलं, जो येईल तो. त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, म्हणजे आतून काय ठरलंय? तास गेला. खंडूने तर ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निघताना डोळा मारला: “समजलं ताई. लालच ना?”

एक बाई म्हणाली, तुमच्या भाषणानंतर मला स्वतःचा दम कळेनासाच झाला आहे, तुम्ही म्हणता तेवढा लागतो की काय असं वाटतं. घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. इतकं मोठं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. इतकं वाईटही.

२० जानेवारी

खऱ्या नोंदी येऊ लागल्या. नकाशा पुन्हा गोधडी झाला. डॉक्टर ऋता म्हणाल्या, आता याला अर्थ आहे, बघा.

नाल्याच्या बाजूचे लोक दुपारी बिघडतात, ट्रक चालू असताना. म्हणजे प्लांट गुन्हेगार आहेच. मी तिथे चुकले नव्हते. पण दुसरं एक वर्तुळ आहे. तिथले लोक सकाळी बिघडतात, प्लांटचा दरवाजासुद्धा उघडलेला नसताना. कुंदा हॉस्पिटलमधून सुटून मुलुंडला बहिणीकडे राहिली तेव्हा पिवळ्यावरून जवळजवळ हिरवी झाली होती. घरी परतली आणि दुसऱ्याच सकाळी खाली. त्या वर्तुळात मीही आहे, माझ्या सगळ्या पिवळ्या सकाळींसकट. आणि मधोमध, मेदुवड्याच्या भोकासारखी, दादूची बेकरी.

मी नकाशाशी भांडले. खरंच, मोबाईल हातात धरून. म्हटलं, ज्याने गरिबाला पाव दिला त्याच्यावर ठिपके टाकतोस? डॉक्टर म्हणाल्या, साधं लाकूड जळलं तरी धूर वाईटच, आणि प्लायवुड आणि रंगवलेली दारं जाळली तर विचारूच नका. त्यातला डिंक, रंग, सगळं छातीत जातं. शिवाय आकाशात जातं ते वेगळंच.

प्लायवुड. रंगवलेली दारं.

मी ते छान वाक्य बोलले होते ना, पाव होऊन परत येतील असं. आले. पाव होऊन आले, आणि उरलेलं खिडकीतून.

२३ जानेवारी

समितीत मी मांडलं की आधी प्लांटची सुनावणी होऊ दे, बेकरीचं नंतर बघू. एका वेळी एक शत्रू, हे लढ्याचं साधं शास्त्र आहे. बरेच जण हो म्हणाले. दादूचे पाव सगळ्यांनीच खाल्ले आहेत.

कुंदा फोनवरून बैठकीत होती. म्हणाली, “खोटं. एकदा बोललो. आता अर्धं नको.” मग बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू आला. “पण तक्रार नाही. नोटीस नाही. आधी दादूला. सांगायचं. रत्ना सांगेल.”

सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते हा शब्द पहिल्यांदाच कडू लागला. दोनदा बेकरीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा लाजेपोटी नानकटाई घेतली.

२६ जानेवारी

गेले. भट्टीपुढे उभं राहून सांगितलं. मी हळूहळू विषयाला येत होते. दादू मध्येच म्हणाला, “सरळ काय ता सांग. तू घुमवन बोलतंस तेव्हा माका भीती वाटता.”

नकाशा दाखवला. तो बघत राहिला. मग लोखंडी सळीने भट्टीतला एक जळता तुकडा पुढे ओढला. कोपऱ्यावर अजून निळा रंग दिसत होता.

“ह्यो दार तुमच्याच बिल्डिंगीचो. तेव्हा भाषण केलंस, आता नकाशो घेवन इलंस. तुझो दिवाण तर गणपतीतच संपलो. बरे लागले ना पाव?”

त्याला खोकला आला. वाकून, भिंतीला धरून, बराच वेळ. मी म्हटलं, दादू, तू एकदा फुंकून बघ. तो चिडला. “मी काय पेशंट आसंय? ह्यो भट्टीवाल्याचो खोकलो. बापाशीक पण होतो.”

बाप कशाने गेला, ते मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही माहीत होतं.

२९ जानेवारी

आज कुंदा स्वतः आली. बेकरीत पोचेपर्यंत दोनदा थांबली. दादूने तिच्यासाठी स्टूल पुसलं. ती बसली, पिशवीतून नळी काढली, तिला नवीन कागदी तोंड लावलं आणि त्याच्यापुढे धरली.

“दादू, फुंक.”

“अगो, मी पेशंट नाय.”

“मी पण नव्हते. फुंक.”

कुंदाला नाही म्हणणं कठीण असतं, कारण तिला पुन्हा म्हणायला लागू नये असं वाटतं. त्याने फुंकलं. काटा जरासा हलला. तो हसला, म्हणाला, नीट झाला नाय, मिशी मध्ये इली. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. कुंदाने काटा बघितला. मग मोबाईल काढून स्वतःचा सकाळचा आकडा त्याच्यापुढे धरला. दादूचा आकडा तिच्याहून खाली होता.

तो मैद्याच्या पोत्यावर बसला. “माका वाटला, गरमीमुळे असात.”

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. भट्टी, कामगार आणि फुप्फुसं यांच्याविषयी. चांगलं होतं. मी ते गिळलं आणि जीभ जळली नाही याचं नवल वाटलं.

दादू भट्टीकडे बघत म्हणाला, “तुझ्या त्या मोबाईलात माझो लाल घाल.”

“तुझा,” कुंदा म्हणाली, “तूच घाल.”

आणि तिने त्याच्या मोबाईलवर ‘फुंकर’ उतरवून त्याला शिकवलं. पिठाच्या बोटांनी त्याने स्वतःचा आकडा टाकला. ‘आज वास कसला आला?’ इथे तो अडला. यादी वरून खाली वाचली, पुन्हा वाचली. म्हणाला, “पाव खंय आसा ह्याच्यात?”

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच उभ्या उभ्या डॉक्टर ऋतांना फोन लावला.

१७ फेब्रुवारी

सुनावणी झाली. आधी दादूचं लिहिते. गॅसची पाईपलाईन घेणार. डॉक्टर आणि वॉर्ड ऑफिसची माणसं येऊन बघून गेली. प्लायवुड आणि रंगाची लाकडं त्याने त्याच दिवसापासून बंद केली आहेत. ‘फुंकर’ चालू राहणार; ट्रस्टच्या लोकांनी दादूची नोंद पाहिली आणि पुढे वाद घातला नाही.

प्लांटवाल्यांनी सूट घातलेला माणूस आणला होता. त्याने पडद्यावर आकडे दाखवले, सगळे हिरवे. मग आपली मंडळी. प्रत्येकाने आपापलं सांगितलं. हिरव्या काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला काही होत नाही, पण माझ्या खालच्या मजल्यावर होतं. सूटवाल्याने आपले हिरवे आकडे पुन्हा चाळले. कुंदा तिच्या तुकड्यांत बोलली. दोन तुकड्यांच्या मध्ये सभागृहात पंख्याचा आवाज यायचा आणि साहेब पेन हातात धरून वाट बघायचा. सूटवाल्याने विचारलं, तुमच्या वस्तीत बेकरीचा धूर नाही का? दादू मागून उठून म्हणाला, “होतो. मी कमी केलंय. आता तू कर.”

निकाल असा: प्लांटला पत्र्याचं आच्छादन, ट्रकची चाकं धुणं आणि धूळ मोजायचं यंत्र. तोपर्यंत परवान्याचं नूतनीकरण अडकवलं. प्लांट बंद झाला नाही. मला बंद हवा होता.

शेवटी मला बोलावलं. मी उठले, म्हटलं, “माझी आज पिवळी आहे. बाकी यांनी सांगितलं.” आणि बसले. बाहेर आल्यावर तीन जणांनी विचारलं, ताई, तब्येत बरी नाही का?

१४ मार्च

दादूचा गॅस चालू झाला. पावाला ती चव राहिली नाही. हे मी जाहीरपणे कबूल करणार नाही. गल्लीत कोणी बोललं की मी त्याला अर्ध्या तासाचं व्याख्यान देते, त्यानंतर तो पाव मुकाट खातो. दादू पिवळा. कुंदा चार दिवसांपासून हिरवी. मला रोज सकाळी फोन करून सांगते: “हिरवी.” एवढंच. आणि ठेवते.

माझीही आज हिरवी आली. तीनदा फुंकून खात्री केली.

एक नवल राहिलंच. पहाटे जाग आली तर बेडरूमची खिडकी सताड उघडी. मला वाटलं मीच रात्री विसरले. पण चंद्रप्रकाश तिथे उभा होता, कडी त्याच्याच हातात. खालून पावाचा वास येत होता, धूर नव्हता. मी विचारलं, आज काय झालं तुला? तो म्हणाला, “हं.”

चौतीस वर्षं मोकळ्या हवेचं महत्त्व मी या माणसाला समजावते आहे. उशिरा का होईना, माझा मुद्दा पटला.